सुपरचार्जरच्या आधीचा हिशेब : मसल कारमधील पूरक सुधारणांचे नियोजन

सुपरचार्जर हा मुळात हवेचा पंप असून, इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील पुलीपासून निघालेल्या पट्ट्याने तो फिरतो आणि वातावरणाच्या दाबाने जितकी हवा सिलिंडरात शिरली असती त्यापेक्षा अधिक हवा दाबून आत भरतो. अधिक हवा आत गेली की तिच्या प्रमाणात अधिक पेट्रोल जाळता येते आणि अधिक पेट्रोल जळले की अधिक शक्ती मिळते. सुपरचार्जरचे सारे माहात्म्य एवढ्यात सांगून होते. सांगून होत नाही ते त्यापुढचे. वाढीव पेट्रोल कोणत्या पंपाने आणायचे, वाढीव उष्णता कोठे सोडायची, वाढीव पीळ क्लचपासून टायरपर्यंत कोणकोणत्या भागांनी सोसायचा आणि वाढीव वेगातून गाडी कशाच्या बळावर थांबवायची, या प्रश्नांची उत्तरे सुपरचार्जरच्या खोक्यात क्वचितच असतात आणि ती मालकाला स्वतंत्रपणे शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात या पूरक सुधारणांचा क्रम आणि त्यामागचा हिशेब मांडला आहे. सुपरचार्जर कोणता घ्यावा हा प्रश्न यादीत पहिला नसून जवळजवळ शेवटचा आहे, अशी त्यामागची भूमिका आहे.

अमेरिकेत मसल कार ही संज्ञा मध्यम वा लहान बांध्याच्या, मागील चाकांना शक्ती पुरवणाऱ्या आणि मोठे व्ही-८ इंजिन बसवलेल्या गाड्यांसाठी वापरली जाते, आणि १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही या परंपरेची सुरुवात सर्वसाधारणपणे मानली जाते. व्ही-८ गाड्यांवर सुपरचार्जर बसवण्याची हौस त्याहूनही जुनी आहे. फोर्डने १९५७ मध्ये थंडरबर्डच्या काही गाड्या कारखान्यातूनच सुपरचार्जरसह विकल्या होत्या. मात्र रस्त्यावर रोज चालणाऱ्या आधुनिक गाडीचा हिशेब त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांपेक्षा वेगळा असल्याने, येथे उदाहरणादाखल २०१५ ते २०१७ या काळातील, हाताने गिअर बदलण्याची फोर्ड मस्टँग जीटी घेतली आहे. तिचे ‘कोयोटी’ या नावाने ओळखले जाणारे इंजिन ४,९५१ घन सेंटिमीटरचे असून ते ४३५ अश्वशक्ती आणि सुमारे ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देते. त्याचे कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाचे आणि माथ्याशी असतानाचे सिलिंडरातील आकारमान यांचे प्रमाण, ११ ला १ आहे. लक्ष्य म्हणून क्रँकशाफ्टवर ६०० अश्वशक्ती धरली आहे.

याच गाडीची कारखान्यातून सुपरचार्जर लावून आलेली थोरली बहीण म्हणजे २०२० ची शेल्बी जीटी५००, आणि नियोजनाला बसण्यापूर्वी प्रत्येक मालकाने या दोन गाड्यांची वैशिष्ट्यपत्रके शेजारी ठेवून वाचावीत. जीटी५०० मध्ये ५.२ लिटरच्या इंजिनावर २.६५ लिटरचा सुपरचार्जर आहे आणि शक्ती ७६० अश्वशक्ती आहे, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण त्याच पत्रकात कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.५ पर्यंत उतरवल्याची, पिस्टन ओतीव न ठेवता घडीव केल्याची, पुढच्या ब्रेकच्या चकत्या ४२० मिलिमीटर व्यासाच्या केल्याची, गिअरबॉक्स दुहेरी क्लचचा नवा घेतल्याची आणि मागील आसापर्यंत शक्ती नेणारा दंड कार्बन फायबरचा केल्याची नोंदही आहे. कारखान्याने सुपरचार्जर लावताना गाडीचे निम्मे अंग बदलले आहे. घरगुती प्रकल्पात इतके सारे बदलणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते, परंतु जे बदलायचे नाही तेच आता मर्यादा ठरवणार, हे आधीच मान्य करून पुढे जावे.

सुपरचार्जरने निर्माण केलेल्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात आणि अमेरिकेत तो पौंड प्रति चौरस इंच या एककात मोजतात. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पौंड असतो, तेव्हा ८ पौंडांच्या बूस्टने आतला दाब २२.७ पौंड, म्हणजे मूळच्या सुमारे १.५४ पट होतो. यावरून शक्तीही दीडपट होईल असा समज होतो, पण तो अपुरा आहे, कारण हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ असते. सत्तावीस अंश सेल्सिअसची हवा १.५४ पट दाबली असता आदर्श स्थितीतही तिचे तापमान सुमारे ४० अंशांनी चढते, आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ही वाढ ६० अंशांच्या घरात जाऊन हवा जवळजवळ ८८ अंशांवर इंजिनात शिरते. या तापमानाला सिलिंडरातील हवेचे वजन मूळच्यापेक्षा फक्त २८ टक्क्यांनी वाढलेले असते. तीच हवा वाटेत गार करून ४५ अंशांवर आणली तर ही वाढ सुमारे ४५ टक्क्यांवर जाते. म्हणजे हवा गार करणारे साधन, ज्याला इंटरकूलर म्हणतात, हा सुपरचार्जरचा अलंकार नसून त्याच्या निम्म्या कामाचा भागीदार आहे. शिवाय गरम हवेत पेट्रोल ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता ठिकठिकाणी पेट घेते, हा धोका वेगळाच.

या धोक्याला नॉकिंग म्हणतात आणि सुपरचार्ज केलेली इंजिने मरतात ती बहुधा याच कारणाने. ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून सिलिंडराच्या कडांकडे शांतपणे सरकत जायला हवी. त्याऐवजी उरलेले मिश्रण दाब आणि उष्णता असह्य होऊन एकदम भडकले की दाबाची तीव्र लाट पिस्टनवर आदळते, रिंगा धरून ठेवणारी कड फुटते, क्वचित पिस्टनला भोकही पडते. पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता ऑक्टेन आकड्याने दाखवतात, आणि येथे भारतातून अमेरिकेत गेलेल्या वाचकाची हमखास गफलत होते. भारतातील पंपावरचा आकडा ‘रिसर्च’ पद्धतीने मोजलेला असतो, तर अमेरिकेतील पंपावरचा आकडा ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींची सरासरी असतो, त्यामुळे अमेरिकेतील ९१ हे भारतीय मोजमापात साधारण ९५ ते ९६ च्या बरोबरीचे ठरते. कॅलिफोर्नियात सहसा मिळणारे उत्तम पेट्रोल ९१ चे, तर पूर्वेकडील अनेक राज्यांत ९३ चे असते. दोन आकड्यांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी ११ ला १ गुणोत्तराच्या इंजिनात तो किती बूस्ट सुरक्षित राहील याचा निर्णय करतो. म्हणून गाडी ज्या गावात राहते तेथील पंपावर बाराही महिने जे मिळते, त्यावरच सारे नियोजन बेतावे. शर्यतीचे पेट्रोल डब्यात घालून आणायचे आणि त्याच्या भरवशावर इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग करायचे, हा मार्ग रस्त्यावरच्या गाडीला योग्य नाही.

उंचीचाही विचार हवा. कोलोरॅडोमधील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असून तेथे वातावरणाचा दाब १२.२ पौंडांच्या आसपास असतो. समुद्रकाठी ८ पौंड दाखवणारा सुपरचार्जर तेथे साडेसहा पौंडांच्या जवळपास दाखवील, आणि त्यात बिघाड काहीच नसेल. मीटरवर पुन्हा ८ दिसावेत म्हणून तेथे सुपरचार्जरला लहान पुली बसवून तो अधिक वेगाने फिरवणारा मालक सुट्टीत गाडी किनाऱ्याला घेऊन गेला की त्याचे पेट्रोल, त्याचा पट्टा आणि त्याचे पिस्टन या तिघांची एकदमच परीक्षा होते.

आता पेट्रोलपुरवठा. या भागावर इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक वेळ द्यावा, कारण पेट्रोल कमी पडल्याची पूर्वसूचना मिळत नाही. बाहेरून सारे ठीक वाटत असते आणि आतले मिश्रण विरळ होऊन पिस्टन वितळत असतो. हिशेब मात्र सोपा आहे. सुपरचार्ज केलेले इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २८० ग्रॅम पेट्रोल घेते असे धरतात; पट्टा ओढण्यात जाणारी शक्ती आणि पिस्टन गार ठेवण्यासाठी मुद्दाम दिलेले जादा पेट्रोल हे दोन्ही त्यात आले. त्यानुसार ६०० अश्वशक्तीला तासाला सुमारे १६८ किलो, म्हणजे जवळपास २२८ लिटर, म्हणजेच मिनिटाला पावणेचार लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागेल. आठ सिलिंडरांत वाटले तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला ४७५ घन सेंटिमीटर येतात. परंतु इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, त्याला उपलब्ध वेळाच्या ८० टक्क्यांपर्यंतच कामावर ठेवावे असा संकेत असल्याने, प्रत्यक्षात सुमारे ६०० घन सेंटिमीटर क्षमतेचा इंजेक्टर घ्यावा लागतो.

पंपाच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पंप किती लिटर देतो हे तो किती दाबाविरुद्ध ढकलतो आणि त्याला किती व्होल्ट मिळतात यावर ठरते, आणि येथे तर दोन्ही बाजूंनी ओढाताण असते: इंजेक्टरच्या तोंडाशी आता ८ पौंडांची हवा समोरून रेटत असल्याने पेट्रोलचा दाबही तितकाच वाढवावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी जुन्या बारीक तारांतून पंपाकडे जाणारा विद्युतदाब घसरतो. म्हणून पंपाचा दाब-प्रवाह आलेख मिळवून, अपेक्षित कमाल दाबावर गरजेपेक्षा निदान २० टक्के अधिक प्रवाह मिळतो याची खात्री करावी. पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि रिले द्यावी. आणि ट्यूनिंगच्या वेळी पेट्रोलचा दाब इंजिनाच्या इतर नोंदींबरोबरच टिपून घ्यावा. पुढेमागे ई८५, म्हणजे इथेनॉलचे मोठे प्रमाण असलेले इंधन, वापरायचा मनसुबा असेल तर तो आजच ठरवलेला बरा, कारण त्याच शक्तीसाठी ते आकारमानाने साधारण तीस-पस्तीस टक्के अधिक लागते आणि आज नेमके पुरणारे इंजेक्टर व पंप तेव्हा टाकून द्यावे लागतात. ई८५ नॉकिंगला सहजी दाद देत नाही हे खरे, पण ते प्रत्येक पंपावर मिळत नाही हेही तितकेच खरे आहे.

उष्णतेचे व्यवस्थापन दोन वेगळ्या परिपथांत चालते. पहिला परिपथ इंटरकूलरचा: बहुतेक किटांत, म्हणजे सुपरचार्जरच्या तयार संचांत, सुपरचार्जरखाली बसणाऱ्या लहान जाळीतून पाणी फिरते, ते गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या स्वतंत्र रेडिएटरकडे जाते आणि एक छोटा विद्युतपंप त्याला फिरवत ठेवतो. एकदा जोरात पळवली असता हा परिपथ उत्तम काम करतो. खरी कसोटी सिग्नलला दहा मिनिटे थांबून, इंजिनाच्या धगीत सारे तापून गेल्यावर पुन्हा पळवताना लागते. टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या उष्ण प्रदेशातील मालकाने किटबरोबर आलेल्या रेडिएटरवर न थांबता मोठा, पंख्याचा रेडिएटर आणि मोठी टाकी घ्यावी. परिपथ भरताना त्यात अडकणारी हवा ही दिसायला क्षुल्लक पण नित्याची अडचण आहे: टाकीचे झाकण उघडून पंप चालू केला असता पाण्याचा खळखळाट आणि भोवरा स्पष्ट दिसायला हवा, आणि गाडी चालवून आल्यावर रेडिएटरकडे जाणारी व तेथून येणारी अशा दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावला असता एक दुसरीपेक्षा जास्त गरम लागायला हवी, दोन्ही सारख्याच थंड असतील आणि इंटरकूलर मात्र चटका देत असेल, तर पाणी फिरतच नाही असे समजावे.

दुसरा परिपथ इंजिनाचा मूळ रेडिएटर आणि ऑइल यांचा. ढोबळ नियम असा की इंजिन जितकी शक्ती चाकांकडे पाठवते साधारण तितकीच उष्णता ते कूलंटमध्ये सोडते, त्यामुळे शक्ती चाळीस टक्क्यांनी वाढवली तर रेडिएटरचे कामही त्याच मानाने वाढते, आणि त्यातच इंटरकूलरचा रेडिएटर पुढे उभा राहून त्याच्या वाटेची हवा आधीच तापवतो. महामार्गावर ही कमाल शक्ती काही सेकंदच वापरली जाते म्हणून मूळ रेडिएटर निभावून नेतो. सर्किटवर वीस-वीस मिनिटे गाडी पळवायची असेल तर ऑइल कूलरशिवाय उतरू नये. क्रँककेसमधून इनटेकमध्ये परत ओढली जाणारी ऑइलची वाफ वाटेतच पकडणारा लहान डबा जरूर लावावा, कारण ही वाफ पेट्रोलचा ऑक्टेन खाली ओढते आणि इंटरकूलरच्या जाळीवर चिकट थर चढवते. इतक्या कमी पैशांत इतके काम करणारे दुसरे साधन या साऱ्या यादीत नाही.

इंजिन उघडायचे की नाही हा प्रश्न मालकाला सर्वाधिक छळतो. ज्या लक्ष्याची येथे चर्चा आहे त्या ६०० अश्वशक्तीच्या टप्प्यात, निरोगी कोयोटी इंजिनाचा आतला भाग तसाच ठेवणे व्यवहार्य मानले जाते, कारण २०१५ पासून त्याचे कनेक्टिंग रॉड अधिक मजबूत केलेले आहेत. पण पिस्टन ओतीवच आहेत आणि त्यांच्या वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट सुपरचार्जरविना चालणाऱ्या इंजिनाच्या उष्णतेला बेतून ठेवलेली आहे. उष्णता फार वाढली की रिंग फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि जायला जागा न उरल्याने ती पिस्टनची कड तोडते. दुसरी नाजूक जागा ऑइल पंपाची: त्याची दातेरी चक्रे धातूची भुकटी दाबून व भाजून केलेली असल्याने, इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांच्या मर्यादेवर आपटले किंवा मागची चाके टणाटण उडू लागली की ती फुटू शकतात आणि ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो. अखंड पोलादातून कापलेली चक्रे मिळतात. किंमत फारशी नाही, पण ती बसवण्यासाठी इंजिनाचे पुढचे झाकण काढावे लागते, म्हणून हा खर्च प्रत्यक्षात मजुरीचा आहे.

‘निरोगी’ हा शब्द वर सहज वापरला असला तरी तो सिद्ध करून घ्यावा लागतो. यासाठी लीक-डाउन नावाची चाचणी करतात: स्पार्क प्लग काढून, पिस्टन माथ्यावर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत इंजिन अडवून, प्लगच्या भोकातून १०० पौंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टक्के गळते ते मीटरवर पाहतात. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो आवाज. सुसकारा ऑइल भरण्याच्या तोंडातून ऐकू आला तर रिंगा झिजल्या आहेत, सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवा आत घेण्याच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आठांपैकी एकच सिलिंडर इतरांपेक्षा ठळकपणे अधिक गळत असेल तर सुपरचार्जरची मागणी त्या दिवशी नोंदवू नये. जे इंजिन वातावरणाच्या दाबावर कसेबसे चालते ते दीडपट दाबाखाली सुधारत नाही.

स्पार्क प्लग एक-दोन पायऱ्या थंड प्रकारचे घ्यावेत, म्हणजे ज्यांचे टोक उष्णता लवकर बाहेर सोडते असे, आणि त्यांची फट मूळच्या सव्वा मिलिमीटरच्या आसपासवरून ०.७ ते ०.८ मिलिमीटरपर्यंत कमी करावी, कारण दाट हवेतून ठिणगीला लांब उडी मारणे कठीण जाते. पट्ट्याचा विचार सुपरचार्जर निवडतानाच व्हावा. डॉजच्या हेलकॅटमध्ये पूर्ण जोरावर नुसता सुपरचार्जर फिरवायला सुमारे ८० अश्वशक्ती लागते. रस्त्यावरच्या लहान किटला इतकी लागत नसली तरी जी काही लागते ती सारी एका रबरी पट्ट्याच्या चिकटपणावर वाहून न्यायची असते. जनित्र, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यांच्याच सहा खाचांच्या पट्ट्यावर सुपरचार्जरचाही भार टाकणाऱ्या किटापेक्षा त्याला स्वतंत्र, रुंद पट्टा देणारी रचना पत्करावी.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगायचे तर, रूट्स आणि दुहेरी स्क्रू हे प्रकार प्रत्येक फेरीला ठरावीक हवा ढकलत असल्याने कमी फेऱ्यांपासूनच पूर्ण बूस्ट देतात, तर केंद्रोत्सारी प्रकार पंख्यासारखा असून त्याचा बूस्ट फेऱ्यांबरोबर चढत जातो. शहरात चालवायला पहिले दोन सुखाचे असतात. क्लच, गिअरबॉक्स आणि टायर यांना मात्र तिसरा सुखाचा असतो, कारण त्याचा पीळ एकदम अंगावर येत नाही. पूरक सुधारणांसाठी पैसे मोजकेच असलेल्या मालकाने केंद्रोत्सारी प्रकाराला कमी लेखू नये.

टायरांचा हिशेब बहुतेक मालक करत नाहीत, आणि केला तर अनेकांचा बेत बदलेल. मस्टँग जीटीचे वजन साधारण १,६८० किलो असून, जोरात सुटताना मागील चाकांवर त्यापैकी सुमारे ९७५ किलो भार येतो. चांगला रस्ता आणि चांगले टायर धरले तरी त्या भारावर मागील दोन चाके मिळून रस्त्याला साडेनऊ हजार न्यूटनच्या आसपासच रेटू शकतात. आता ७०० न्यूटन-मीटर पीळ देणारे सुपरचार्ज केलेले इंजिन पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे ३.६६ च्या गुणोत्तरात, मागील आसाच्या ३.५५ च्या गुणोत्तरातून आणि वाटेतला घर्षणाचा तोटा वजा करून, चाकांच्या कडेला साडेबावीस हजार न्यूटनच्या जवळपास जोर देते. दुसऱ्या गिअरमध्ये तो पंधरा हजार आणि तिसऱ्यात साडेदहा हजार असतो. म्हणजे पहिल्या दोन गिअरांत रस्ता घेऊ शकतो त्याच्या दीडपट ते सव्वादोनपटीहून अधिक जोर चाकांवर येऊन पडतो आणि तिसऱ्यातही चाके घसरणीच्या काठावर असतात. मूळच्या टायरांवर ही सारी भर धूर काढण्यापलीकडे काही करत नाही. रुंद रिम, मऊ रबराचे टायर आणि मागील सस्पेन्शनमधील रबरी बुशांच्या जागी घट्ट बुश, एवढ्यावर होणारा खर्च गाडी शून्यापासून किती लवकर निघते यावर सुपरचार्जरच्या बरोबरीने परिणाम करतो, आणि चाकांची उडी थांबल्याने अर्धआसांचे व वर सांगितलेल्या ऑइल पंपाचेही आयुष्य वाढवतो.

क्लच हा पिळाच्या वाटेवरचा पहिला बळी असतो. मूळ क्लच मूळ पिळासाठी थोड्या राखीव ताकदीसह बनवलेला असतो. सातशे न्यूटन-मीटरसाठी किमान आठशे-साडेआठशेची क्षमता लिहिलेला क्लच घ्यावा. त्याचबरोबर शर्यतीचा, पूर्ण धातूच्या तबकडीचा क्लच घेऊन रोजच्या कोंडीत पाय आणि स्वभाव दोन्ही बिघडवून घेऊ नयेत. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच दाबणारा हायड्रॉलिक भाग आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील हेही त्याच वेळी बदलावे. मागील आसाकडे शक्ती नेणारा दोन तुकड्यांचा मूळ दंड काढून एकसंध ॲल्युमिनियमचा बसवणे ही त्यानंतरची पायरी. या शक्तीला ती तातडीची नाही.

ब्रेकचे गणित गतिज ऊर्जेचे आहे आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते: ताशी १६० किलोमीटरवरून थांबताना या गाडीच्या ब्रेकांना सुमारे १.६६ मेगाज्यूल उष्णता पचवावी लागते, तर २०० वरून थांबताना २.६ मेगाज्यूल. ज्यांच्या गाडीत ३८० मिलिमीटरच्या पुढच्या चकत्यांचे कारखान्याचे परफॉर्मन्स पॅकेज आहे त्यांना नवे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल बहुधा पुरेल. इतरांनी तेच ब्रेक मिळवून बसवावेत. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते, त्यामुळे डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा कोरडेपणी किमान २३० अंश असलेला उत्कलनबिंदू ओलाव्याने १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि पेडल जमिनीला टेकते ते अशाच वेळी.

कायद्याचा भाग खरेदीपूर्वीच तपासावा. अमेरिकेच्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रणाची उपकरणे काढणे वा निकामी करणे बेकायदा आहे, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच राहतील. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या हवा संसाधन मंडळाने त्या विशिष्ट किटला, त्या विशिष्ट वर्षाच्या गाडीसाठी आदेश क्रमांक दिलेला असावा लागतो, आणि जुलै २०२१ पासून तेथील प्रदूषण तपासणीत इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदललेली आहे का हेही पाहिले जाते. म्हणजे मान्यताप्राप्त किटची पुली बदलून नवे ट्यूनिंग भरले की मान्यता हातची गेली. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. भारतातील वाचकांसाठी येथेच नोंदवणे आवश्यक आहे की मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांमुळे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाहीत. २०१६ पासून भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या मस्टँगही त्याला अपवाद नाहीत.

राहिला क्रम. तो शक्तीच्या महत्त्वाने न लावता मजुरीच्या सोयीने लावावा. पहिल्या टप्प्यात लीक-डाउन चाचणी, ब्रेक, टायर आणि मागील सस्पेन्शन, कारण ही कामे सुपरचार्जर आला नाही तरी वाया जात नाहीत आणि मालकाला गाडीची नवी पकड ओळखीची होते. दुसऱ्या टप्प्यात गिअरबॉक्स उतरवून क्लच. तिसऱ्यात पुढचे झाकण काढून ऑइल पंपाची चक्रे, आणि त्याच खेपेस इनटेक काढून सुपरचार्जर, इंजेक्टर, प्लग, पेट्रोलपंप व इंटरकूलर ही सर्व एकत्र. यांतले एकही मागाहून करू नये. किटची किंमत हा एकूण खर्चाचा निम्मा भाग मानून तेवढीच रक्कम बाजूला काढता येत नसेल तर आणखी एक वर्ष थांबावे.

ट्यूनिंग, म्हणजे संगणकातील पेट्रोल आणि ठिणगीची वेळ यांचे कोष्टक नव्याने लिहिणे, हे काम डायनोवर, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या रुळांवर, करून घ्यावे. तेथे दिसणारा आकडा क्रँकशाफ्टवरच्या आकड्यापेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो, म्हणून ६०० च्या लक्ष्याला ५१० दिसले तर नाराज होऊ नये आणि पुली लहान करण्याचा मोह टाळावा. कारागिराकडून कमाल आकड्याऐवजी नोंदींची फाइल मागावी आणि त्यात तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: पूर्ण जोरावर पेट्रोलचा दाब खाली येतो का, नॉक सेन्सरने ठिणगी मागे खेचली आहे का, आणि सलग तिसऱ्या धावेत आत जाणाऱ्या हवेचे तापमान कोठपर्यंत चढले.

त्यानंतरचे पहिले आठशे-हजार किलोमीटर गाडी बेताने चालवून ऑइल बदलावे, सुपरचार्जरचे बोल्ट सांगितलेल्या पिळावर पुन्हा आवळून पाहावेत आणि बॉनेट उघडून पुलीच्या मागे बोट फिरवावे. बोटाला काळी रबरी भुकटी लागली तर पट्टा घसरतो आहे. शेवटी आठही प्लग काढून, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे ओळीने मांडून, भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनी मातीवर फिकट तपकिरी छटा असेल तर सारे ठीक आहे. तिच्यावर मिऱ्याच्या कणांसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक मणी दिसले, तर ते त्या सिलिंडरातील पिस्टनच्या माथ्यावरून आलेले असतात, आणि कारण सापडून ट्यूनिंग मागे घेईपर्यंत ॲक्सिलरेटर पुन्हा पूर्ण दाबू नये.